कावळेसादला रेलिंग ओलांडून फोटो काढणाऱ्यांचं काय करायचं?

टिळकवाडी: पाऊस लागला की रविवारी निम्मं बेळगाव आंबोलीच्या वाटेला, त्यात आमचीपण गाडी असतेच, पण तिथल्या कावळेसाद पॉइंटला, दरीच्या काठावर, आता जे चाललंय ते बघवत नाही. रेलिंगच्या पलीकडं कातळावर पोरं उभारतात आणि फोटो काढणारा मोबाईलमधी बघत मागं मागं सरकूलाय, मागं काय आहे त्याचा पत्ता नाही. पावसात तो कातळ शेवाळून गुळगुळीत झालेला असतो. त्यात वारं दरीतनं वर येतं, म्हणून तर तिथल्या धबधब्याचं पाणी उलटं उडतंय, आणि त्या वाऱ्यात हातातली उघडी छत्री माणसालापण ओढती. 2017 ला दोन तरुण असेच रेलिंग ओलांडून खाली गेले, त्याचा व्हिडिओ सगळ्यांकडं फिरला, धुक्यापावसात मृतदेह वर काढायला कित्येक दिवस लागले. दोर बांधून खाली उतरणाऱ्यांनापण घरदार आहे ना? माझं मत, रेलिंग ओलांडलं की मोबाईल जप्त आणि वर दंड.

शहापूर: अजिबात पटलं नाही. ते दोघं प्यालेले होते हे का सांगितलं नाही? तिथं जीव जातोय तो दारूनं, गाडीतल्या बाटल्या चेकपोस्टला काढून घ्या, निम्मा धोका तिथंच संपतोय. फॅमिली घेऊन जाणाऱ्याचा मोबाईल काढून घेऊन काय साधणार, आणि दंडाचा धाक बसला की लोक यायचे बंद, मग कणसं आणि गरम भजी विकून चार महिने घर चालवणाऱ्यांनी काय करायचं?

खानापूर: दारू बंद करा, त्याला ना नाही. पण 2022 ला किटवाडच्या धबधब्यावर आपल्या बेळगावच्या चार मुलींचा जीव गेला, सेल्फी काढताना पाय घसरला, त्या काय प्यालेल्या होत्या? ओला दगड माणूस शुद्धीत आहे का बघत नाही.

निपाणी: मी लग्नाचे फोटो काढतो म्हणून सांगतोय, दरीचा फोटो काढायला दरीजवळ जावंच लागत नाही बघा. माणसाला रेलिंगच्या आत चार पावलं उभं करा, आपण त्याच्यासमोर उभं राहून मोबाईल डोळ्यासमोर सरळ धरा आणि दोनच्या झूमवर छातीपासून वरचंच घ्या, रेलिंग फ्रेमच्या बाहेर राहतं, मागं नुसती दरी आणि धुकं. काठावर उभारलेल्यापेक्षा हा फोटो भारी येतोय. लेन्सवर पाणी बसतंय तेवढा कोरडा रुमाल ठेवा. आणि मागं रांग लागलेली असताना एकच रील परत परत करत पॉइंट अडवणाऱ्यांना एक विनंती, तुमच्या फ्रेममधी भिजलेल्या कपड्यात दुसऱ्याच्या बायकापोरी येतात, त्यांना न विचारता ते टाकू नका.

शहापूर: निपाणीकरांचं पटलं, असलं शिकवा की लोकांना. जप्तीला माझा विरोध कायम.

टिळकवाडी: शिकवून ऐकणारे आधीच आत उभारतात हो. मी एका पोराला आत ये म्हणालो तर "काका, तुमचं काय जातंय?" म्हणून त्यानं मलाच ऐकवलं, आणि त्याचे दोस्त हसत शूटिंग करूलेत. त्याला कोण झूम शिकवणार?

खानापूर: त्यालापण नको, त्या शूटिंग करणाऱ्या दोस्तांना धरा. कॅमेरा खाली घेतला की तो पोरगा आपसूक आत येतोय.