चष्म्याच्या दुकानात फुकट काय करून द्यावं, कशाचे पैसे घ्यावेत? सल्ला हवा

वाशिष्ठीकाठ

नमस्कार मंडळी. चिपळुणात आमचं चष्म्याचं छोटं दुकान आहे. बाबांनी सुरू केलं, दोन वर्षांपासून गल्ल्यावर मी बसते. ऑप्टोमेट्रीचा डिप्लोमा केलाय, त्यामुळे नंबर काढणं, काचा बसवणं, फिटिंग सगळं येतं. अडलंय वेगळ्याच ठिकाणी.

दिवसभरात जेवढी माणसं पायरी चढतात त्यातली निम्मी काही घ्यायला आलेलीच नसतात. "बाय, जरा स्क्रू आवळ गो." "ही काडी कानामागं टोचत्ये बघ." "नाकावरून सारखा घसरतो." बाबांनी आयुष्यभर हे सगळं फुकट केलं. वर खुर्ची, पाणी, आणि पावसाळ्यात आलेल्याला चहासुद्धा. चष्मा कुठून घेतलाय हे त्यांनी कधी विचारलं नाही.

पूर्वी निदान तो चष्मा गावातलाच असायचा. आता मोठ्या रस्त्यावर शोरूम झालंय, शिवाय अर्धं गाव मोबाइलवरून मागवतं. तिथून आलेला वाकडा चष्मा सरळ करायला मात्र आमच्याकडेच. परवा एक मुलगा आला आणि म्हणाला, "ताई, फक्त पीडी मोजून द्या, चष्मा मी ऑनलाइन घेणारे." पीडी म्हणजे दोन बुबुळांमधलं अंतर. मी मोजून दिली, पण तो गेल्यावर तासभर धुसफुसत होते.

आणि मागच्या महिन्यात तर हद्दच झाली. एका आजोबांची जुनी शेल (प्लास्टिकची) फ्रेम नुसती सैल झाली होती म्हणून हातात घेतली आणि नाकाच्या पुलावर कट्कन तुटली. बाबांनी एक शब्द न बोलता कपाटातून नवी फ्रेम काढली, त्यांच्या काचा तिच्यात बसतील अशा घासल्या आणि आजोबांच्या नाकावर ठेवल्या. फुकट कामापायी सहाशे रुपये गेले.

तर विचारायचं असं: काय फुकट ठेवू, कशाला पैसे लावू? मोडतोड झाली तर कोणाच्या अंगावर? आणि ते पाण्यात चष्मा धुण्याचं अल्ट्रासॉनिक यंत्र काउंटरवर ठेवावं का?

ट्रायलबॉक्स

ताई, सोलापुरात ३१ वर्षं या धंद्यात आहे. आधी तुमच्या वडिलांना माझा नमस्कार सांगा.

मोडतोडीचं आधी घेतो, कारण खरं दुखणं तेच आहे. चष्मा हातात घेतल्या घेतल्या स्क्रूड्रायव्हर उचलायचा नाही. आधी उजेडाकडे धरायचा. शेल फ्रेम जुनी झाली की पांढरट पडते, बिजागरीपाशी आणि नाकाच्या पुलावर केसाएवढ्या चिरा दिसतात. तशी चीर दिसली की गिऱ्हाइकाच्या हातात चष्मा परत द्यायचा आणि बोट ठेवून दाखवायचं, "काका, इथं गेलेली आहे. हात लावला तर तुटू शकते. करू का?" हे काम करायच्या आधी बोललात तर तो सल्ला असतो. तुटल्यावर बोललात तर सबब. मी पाटी लावलेली नाही, तोंडानेच सांगतो. दहातले दोघे "नको, राहू दे" म्हणतात आणि त्यातलाच एखादा फ्रेम बघायला लागतो.

दुसरं, स्क्रू नुसता आवळून देऊ नका. माणूस एका हाताने चष्मा ओढून काढतो, म्हणून तो ढिला होत राहतो. आटे गेले असतील तर चार दिवसांनी तोच माणूस पुन्हा दारात. स्क्रू बदला आणि डोक्यावर पारदर्शक नेलपॉलिशचा थेंब सोडा. आमच्या सौभाग्यवतीची बाटली १९९८ पासून दुकानातच आहे. (बाटल्या बदलल्या, जागा तीच.)

नाकाचे पॅड मी साधे असतील तर फुकट बदलतो. घाऊक पाकीट घेतलं की जोडी किरकोळीत पडते. तुमच्याकडच्या दमट हवेत तर ते हिरवे होत असतील. फ्रेमच्या धातूत तांबं असतं, घामाने त्यावर हिरवा थर चढतो. लोकांना वाटतं बुरशी आहे. जुना पॅड काढून, खाच ब्रशने साफ करून, नवा बसवून बघा. माणूस आरशात बघतो आणि चष्मा नवा झाल्यासारखा हसतो. या एका कामातून मला जितकी घरं मिळाली तितकी जाहिरातीतून मिळाली नाहीत.

पुणेरीजोशी

गिऱ्हाईक म्हणून लिहितो. फुकट म्हटलं की आम्ही येणारच, त्याबद्दल क्षमस्व.

एका दुकानात स्क्रू पडला म्हणून गेलो होतो. चष्मा उलटा-सुलटा करून बघितला आणि "आमच्याकडचा नाही" असं म्हणून काउंटरवरून परत सरकवला. स्क्रू दोन रुपयांचाही नसेल. त्यानंतर घरात तीन चष्मे झाले, बायकोचा प्रोग्रेसिव्ह (लांबचं-जवळचं एकाच काचेत, मध्ये रेघ नसलेला) धरून. त्या दुकानावरून रोज जातो, आत पाऊल टाकलेलं नाही. पुणेकर विसरत नाही.

हिशेबनीस

सगळे भावनेने बोलतायत, मी हिशेबाने बोलतो. एका माणसाला सात-आठ मिनिटं धरा. दिवसाला आठ माणसं म्हणजे तास गेला. त्या तासात कोणाचा नंबर काढायचा राहिला, कोण वाट बघून निघून गेला, हे कुठल्याच वहीत येत नाही. सरसकट वीस रुपये लावा. ते जड वाटत असेल तर काउंटरवर डबा ठेवा, ज्याला जे टाकायचं ते टाकेल.

ट्रायलबॉक्स

डबा मी ठेवून बघितलाय, साहेब. दहा रुपये टाकणाऱ्याला वाटतं आपण पैसे दिलेत, मग पुढच्या वेळी हक्काने भांडतो. आणि ज्याच्या खिशात सुटे नसतात तो लाजून येतच नाही. महिनाभरात काढला.

तुमचा वेळेचा मुद्दा मात्र बरोबर आहे. त्यावर माझा उपाय म्हणजे संध्याकाळी सहा ते आठ गर्दीत स्क्रूचं काम घ्यायचं नाही. "ठेवून जा, सकाळी तयार" असं सांगायचं. घाई खरी असेल तर माणूस थांबतो.

नाशिकची_ऑप्टोम

अगं, तुझी पोस्ट वाचून हसूही आलं आणि पोटात गोळाही आला. मी हॉस्पिटलच्या ऑप्टिकलमध्ये आहे, आमच्याकडे हेच चालतं.

अल्ट्रासॉनिक जरूर घे, पण त्यात काय टाकायचं नाही हे आधी पाठ कर. यंत्रात सूक्ष्म बुडबुडे फुटून कानाकोपऱ्यातला मळ निघतो. काचेवरच्या कोटिंगला आधीच बारीक तडे असतील तर तिथून ते आणखी सुटतं, आणि गिऱ्हाईक म्हणतं "तुमच्या मशीनने गेलं". रिमलेसचे, म्हणजे काचेभोवती कडा नसलेल्या चष्म्याचे, स्क्रू ढिले होऊ शकतात. लाकडी फ्रेम अजिबात नाही. म्हणून आधी काच तिरकी धरून बघायची. जाळी दिसली तर त्यालाच दाखवायची आणि साध्या पाण्याने, भांड्याच्या सौम्य साबणाच्या थेंबाने हातानेच धुवायची. खरं सांगू का, ९० टक्के चष्म्यांना तेवढंच पुरतं. पण लोकांना यंत्राचा आवाज आवडतो.

गरम हवेचंही तसंच. शेल फ्रेम थोड्या उष्णतेने मऊ होते, त्यामुळे काडी वळवायला सोपी. पण काच आणि तिच्यावरचं कोटिंग सारख्या प्रमाणात प्रसरण पावत नाही, जास्त तापलं की कोटिंगला तडे. उन्हात गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवलेल्या चष्म्याचं हेच होतं. काडी वाकवायची तर हवा काडीवरच मारायची, काचेकडे वळू द्यायची नाही. दुसऱ्याकडून आलेला चष्मा असेल तर तो कशाचा बनलाय ते आपल्याला माहीत नसतं. तिथे ट्रायलबॉक्सकाका म्हणतात तसं आधी विचारूनच.

आता पीडीचं. मी देते. एका मिनिटाचं काम आहे आणि तो आकडा त्याच्याच डोळ्यांचा आहे. पण देताना एक वाक्य सांगते. साध्या कमी नंबराला थोडं इकडेतिकडे चालून जातं. उणे सहाच्या काचेचं केंद्र ३ मिलिमीटर सरकलं तर त्या डोळ्यापुढे १.८ प्रिझम उभा राहतो, म्हणजे समोरचं चित्र बाजूला सरकतं, आणि मग डोकं दुखतं. प्रोग्रेसिव्ह असेल तर नुसती पीडी देऊन भागतच नाही. ती फ्रेम त्याच्या नाकावर बसवून, बुबुळ काचेच्या कुठल्या उंचीवर येतं ते मोजावं लागतं. जी फ्रेम अजून खोक्यात आहे तिच्यावर ते कसं मोजणार? एवढं ऐकल्यावर काही जण ऑनलाइनच घेतात, काही जण थांबतात. दोन्हींवर धुसफुसू नकोस.

एका गोष्टीत मात्र मी कडक आहे. "मोफत कॉम्प्युटर नेत्रतपासणी" अशी पाटी लावू नकोस. त्या यंत्राच्या चिठ्ठीवरचा आकडा ही फक्त सुरुवात असते, पुढे ट्रायल फ्रेम लावून, तिच्यात काचा बदलत विचारावंच लागतं. आणि माणूस घरी जाऊन सांगतो, "डोळे तपासले, सगळं ठीक आहे." तू फक्त नंबर तपासलेला असतोस. काचबिंदू बहुतेक वेळा दुखत नाही, सांगत नाही. मधुमेह असलेल्याच्या डोळ्याचा पडदा तुझ्या यंत्राला दिसत नाही. साखर वरखाली असेल तर नंबरही वरखाली होतो, तेव्हा चष्मा करूच नये. लहान मुलांना डॉक्टरकडे, थेंब घालून तपासायला पाठवायचं. नंबर काढ, हवं तर फुकट काढ, पण पाटीवर "चष्म्याचा नंबर" एवढंच लिही.

जर्सीकर

न्यू जर्सीत मी ज्या दोन-तीन दुकानांत गेलोय तिथे वाकडा चष्मा फुकट सरळ करून दिला, फक्त दुसरीकडचा असेल तर आधी म्हणतात, तुटला तर आम्ही जबाबदार नाही, चालेल ना? एका ठिकाणी कागदावर सही घेतली. गावाकडे सही मागितली तर लोक जमिनीचे कागद समजून पळतील, तेव्हा तोंडीच बरं.

हिशेबनीस

नाशिकच्या ताईंचं पटलं. वीस रुपये मागे घेतो. पण सामान लागेल तिथे पैसे घ्याच, ही माझी शेवटची ऑफर.

वाशिष्ठीकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. आज दुपारी दुकानात गर्दी नव्हती, तेव्हा बाबांना पूर्ण धागा वाचून दाखवला. नेलपॉलिशवर ते खूप हसले. आमच्याकडे हे काम आईच्या शिवणाच्या मशीनचं तेल करायचं, आणि अर्थात स्क्रू आणखी लवकर निघायचा.

मग त्यांनी एक गोष्ट सांगितली जी मला अर्धवटच माहीत होती. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेत शिरलं तेव्हा मी शिकायला बाहेर होते. दुकान गेलंच. पाणी ओसरल्यावर बाबांनी पायरीवर दोन बादल्या मांडल्या आणि लोक चिखलाने भरलेले चष्मे घेऊन यायला लागले. चिखलाची काच पुसायची नाही, रेतीने ओरखडे पडतात. आधी नुसती भिजत ठेवायची, माती आपोआप सुटू द्यायची, मग धुवायची. आठवडाभर ते तेवढंच करत होते. पण ज्यांचे चष्मे वाहूनच गेले त्यांची पंचाईत वेगळी होती. कोणालाच आपला नंबर पाठ नव्हता. चिठ्ठी घरात होती, घरात पाणी होतं. बाबांची नंबरांची वही होती ती गल्ल्याखाली, तिचा लगदा झाला.

म्हणून आता ठरवलंय की जो कोणी स्क्रू आवळायला येईल, त्याचा चष्मा लेन्सोमीटरवर ठेवून नंबर वाचायचा, कार्डावर लिहून द्यायचा आणि त्याच्याच मोबाइलने त्या कार्डाचा फोटो काढून द्यायचा. चष्मा कुठलाही असो. दोन मिनिटं लागतात. कार्डामागे आमच्या दुकानाचं नाव आहे, तेवढा स्वार्थ ठेवलाय. पीडीही त्यावरच लिहिणार.

बाकी असं: आवळणं, सरळ करणं, धुणं, साधे पॅड आणि स्क्रू फुकट. सुप्राची (अर्ध्या कडेच्या फ्रेमची) तार, काडीची टोकं, बिजागरी, तुटलेल्या धातूला डाग देऊन जोडणं याला पैसे, आणि ते आधी सांगून. चीर दिसली तर आधी दाखवणार. अल्ट्रासॉनिक दिवाळीनंतर बघू.

चाळिशीपार

धागा वाचता वाचता उठून चष्मा साबणाने धुतला. इतकी वर्षं शर्टाने पुसत होतो. समोरच्या इमारतीला एवढ्या खिडक्या आहेत हे आजच कळलं.

ताई, एक सुचवू? आमच्या पतसंस्थेत स्लिप भरायच्या टेबलावर दोरीने बांधलेली चाळिशी असते, दोन नंबरची. घरी चष्मा विसरलेली माणसं तिच्यासाठी रांग लावतात. तुमच्या आजूबाजूला बँक, पोस्ट, तलाठी कार्यालय असेलच. तिथे एकेक ठेवता येईल.

वाशिष्ठीकाठ

हे भारी आहे! शेजारीच पतपेढी आहे. तयार चाळिशी फार महाग पडत नाही. फक्त एक, दोन आणि अडीच अशा तीन ठेवाव्या लागतील, एकच ठेवली तर अर्ध्या लोकांना लागू पडणार नाही.

ट्रायलबॉक्स

तीन ठेवा, पण दोरी जाड घ्या. माझी एक सोलापुरातून थेट तुळजापूरला गेली होती, देवीला आलेल्या कोणाच्या तरी नाकावर. दीड महिन्याने त्याच माणसाने परत आणून दिली. स्क्रू ढिला झाला होता म्हणाला.