मदत हवी आहे: सोसायटीच्या इनबॉक्समधून मेल गायब होतात (आणि सीसी, बाउन्स, टेंटेटिव्ह या शब्दांनी डोकं उठलंय)

मुलुंडची मावशी | मंगळवार, रात्री ९.१०

नमस्कार मंडळी. तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं, त्यामुळे आकड्यांची भीती नाही. पण ईमेलमधल्या शब्दांनी सध्या रडकुंडीला आणलंय.

मुलुंड पूर्वेला आमची ५६ फ्लॅटची सोसायटी. जूनमध्ये "तुम्ही आता रिकाम्याच आहात ना" एवढ्या एका पात्रतेवर सेक्रेटरीपद माझ्या गळ्यात पडलं. सोबत किल्ल्यांचा जुडगा, शिक्के आणि सोसायटीच्या ईमेलचा पासवर्ड. तो पासवर्ड ऑफिसच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेला आहे. (हो, कळतंय मला. ओरडू नका.) मेल जीमेलचा नाही. सोसायटीच्या नावाची वेबसाइट आहे, तिच्याबरोबर मिळालेला आहे.

पहिली अडचण सगळ्यात मोठी. आलेले मेल गायब होतात. पेस्ट कंट्रोलवाला छातीठोकपणे सांगत होता की कोटेशन पाठवलंय. मी "आलंच नाही" म्हणून त्याला फोनवर झापलं. दोन दिवसांनी लिफ्टवाल्याचंही तेच. इनबॉक्समध्ये नाही, स्पॅममध्ये नाही, ट्रॅशमध्येसुद्धा नाही. मग गेलं कुठे?

दुसरी. थकबाकी असलेल्या ११ जणांना आठवणीचा मेल पाठवला, सगळ्यांचे पत्ते सीसीत. त्यातल्या एका काकांनी 'रिप्लाय ऑल' दाबून लिहिलं, "आधी माझ्या बाथरूममधलं लीकेज थांबवा, मग पैसे मागा." त्याला दुसऱ्यांचं सगळ्यांना उत्तर. रात्री साडेअकरापर्यंत २३ मेल. आता ते ११ जण एकमेकांना थकबाकीदार म्हणून ओळखतात आणि जिन्यात मला कुणीच ओळख देत नाही.

तिसरी. 'मेलर डीमन' नावाच्या कुणीतरी मला इंग्रजीत लांबलचक पत्र पाठवलंय. सून म्हणाली, डीमन म्हणजे राक्षस. मी लॅपटॉपच बंद केला.

आणि सीएच्या ऑफिसने मीटिंगचं आमंत्रण पाठवलं, त्यावर मी 'टेंटेटिव्ह' दाबलं. ते म्हणतात, तुम्ही येणार नाही असं आम्ही धरलं.

३० सप्टेंबरच्या आत एजीएम (वार्षिक सर्वसाधारण सभा) घ्यायची आहे, नोटीस १४ दिवस आधी गेली पाहिजे. जाणकारांनी कृपया शाळकरी भाषेत समजवावं.


फोर्टचा कारकून | मंगळवार, रात्री ९.४८

मावशी, सीसीचं माझ्याकडे सोपवा. अर्धं आयुष्य टाइपरायटरवर गेलंय.

रोलरमध्ये दोन कोरे कागद घालायचे, मधे कार्बन. खालच्या कागदावर उमटायची ती कार्बन कॉपी, म्हणजेच सीसी. आता आपलं सरकारी पत्र आठवा. वर 'प्रति,' आणि अगदी खाली 'प्रत माहितीसाठी सविनय सादर'. मेलमधलं 'टू' म्हणजे 'प्रति', ज्याने काहीतरी करायचंय तो. सीसी म्हणजे 'प्रत माहितीसाठी', त्याने वाचायचं आणि गप्प बसायचं. (बसत नाहीत हा भाग वेगळा.) बीसीसीसुद्धा तेव्हापासूनचीच. साहेब सांगायचे, "अमक्याला एक प्रत जाऊ दे, पण मूळ पत्रावर त्याचं नाव नको." बीसीसीत टाकलेल्यांचे पत्ते बाकीच्यांना दिसत नाहीत.

एजीएमची नोटीस पाठवताना 'टू'मध्ये सोसायटीचाच पत्ता घाला आणि सगळे सभासद बीसीसीत. मग कुणी रिप्लाय ऑल केलंच, तर ते फक्त तुमच्याकडे येईल, बीसीसीतल्या बाकीच्यांकडे जाणार नाही. पण कमिटीला सीसी करून एखाद्या सभासदाला गुपचूप बीसीसी देत असाल तर जपून. तो रिप्लाय ऑल करतो आणि सगळ्या कमिटीला कळतं की त्यालाही पत्र गेलं होतं. माझ्या ऑफिसात यावरून दोघांचं बोलणं कायमचं बंद झालं.

थकबाकीचा मेल मात्र बीसीसीनेही पाठवू नका. प्रत्येकाची रक्कम वेगळी, प्रत्येकाला वेगळं पत्र. ११ पत्रं म्हणजे काही फार नाही.


सर्व्हररूम | मंगळवार, रात्री ११.०२

गायब मेलचं कोडं रंजक आहे. काही प्रश्न:

फोनवर हा मेल लावलाय का? नवीन मेल आल्याची घंटी वाजते का? 'सेंट'मधले मेल जागेवर आहेत का? पासवर्ड कुणाकुणाकडे आहे? आणि गायब होण्याची काही वेळ आहे का, की कधीही?

तो राक्षस निरुपद्रवी आहे, उद्या सांगतो. लॅपटॉप उघडा.


मुलुंडची मावशी | बुधवार, सकाळी ७.३५

फोनवर मुलाने लावून दिलाय. घंटी वाजते. काल सकाळी पावणेअकराला वाजली, हात कणकेत होते, म्हणून वरची पट्टी फक्त वाचली: 'पाण्याची टाकी साफ करणे...' अर्ध्या तासाने उघडायला गेले तर मेलच नाही. मला वाटलं भास झाला.

सेंट सगळं शाबूत आहे.

पासवर्ड माझ्याकडे, चेअरमनकडे, खजिनदारांकडे, आधीच्या सेक्रेटरींकडे. आणि कपाट उघडणाऱ्या कुणाहीकडे.

वेळेचं म्हणाल तर, तुम्ही विचारलंत म्हणून वही काढली (आवक नोंदवते मी, सवय जात नाही). शनिवार-रविवारी आलेले मेल दिवसभर असतात. सोमवारी सकाळी दहाच्या सुमाराला एकदम जातात.


सर्व्हररूम | बुधवार, दुपारी १.२०

वहीला दंडवत. उत्तर तुम्हीच काढलंत.

तुमच्या मेलला कुणाच्या तरी ऑफिसच्या कॉम्प्युटरवरून 'पॉप' लागलेलं आहे. ते यंत्र सोमवार ते शुक्रवार चालू असतं, शनिवार-रविवार बंद.

मेल आधी सर्व्हरवर, म्हणजे मेल देणाऱ्या कंपनीच्या कॉम्प्युटरवर, येऊन पडतो. तिथून वाचायच्या दोन पद्धती. पॉप म्हणजे पोस्ट ऑफिस प्रोटोकॉल. नावाप्रमाणेच, पोस्टातल्या पेटीसारखा. किल्लीवाला येतो, पत्रं पिशवीत घालतो, घरी जातो, पेटी रिकामी. दुसऱ्याकडे त्याच पेटीची किल्ली असेल तर त्याला रिकामी पेटीच दिसणार. आयमॅप म्हणजे वाचनालयातलं वर्तमानपत्र. कितीही जणांनी येऊन वाचावं, पेपर टेबलावरच राहतो. तुमचा फोन आयमॅपवर आहे, म्हणून पेपर असेपर्यंत दिसतो. कुणीतरी पॉपवाला येऊन तो उचलून नेतो.

ट्रॅशमध्ये का सापडत नाही? कारण पॉप मेल ट्रॅशमध्ये टाकतच नाही, सर्व्हरवरून थेट पुसतो. सेंट शाबूत, कारण पॉपला इनबॉक्सपलीकडचं काही दिसत नाही. तुमच्या उत्तरात या दोन्ही खुणा होत्या.

पॉपला शिव्या घालू नका. आपल्याकडे व्हीएसएनएलने १५ ऑगस्ट १९९५ ला सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं, त्यानंतरची बरीच वर्षं आठवा. मोडेम किरकिरायचा, घरचा फोन अडकून पडायचा, मीटर चालू. पटकन मेल ओढायचे, लाईन तोडायची आणि मग निवांत वाचायचे. त्यासाठी पॉप अगदी बरोबर होतं. एका माणसाचा एक कॉम्प्युटर, हे त्यात गृहीत होतं. पाच जणांची कमिटी आणि प्रत्येकाच्या खिशात फोन, हे नव्हतं.

चोर शोधायचा सोपा उपाय: पासवर्ड बदला आणि कुणाला सांगू नका. ज्याच्या आउटलुकवर (ऑफिसात मेल वाचायचा प्रोग्राम) पासवर्ड मागणारी खिडकी सारखी उघडेल, तो स्वतःच फोन करेल.

आता राक्षस. डीमन म्हणजे पडद्यामागे आपोआप चालणारा प्रोग्राम. हा शब्द १९६०च्या दशकात एमआयटीतल्या मंडळींनी मॅक्सवेल या शास्त्रज्ञाच्या काल्पनिक राक्षसावरून घेतला, त्यामुळे सूनबाई अगदीच चुकल्या नाहीत. मेलर डीमन म्हणजे 'पत्ता सापडत नाही' असा शिक्का मारून पत्र परत करणारा पोस्टमन. यालाच बाउन्स म्हणतात. इंग्रजी सगळं वाचू नका, त्यातला तीन आकडी क्रमांक शोधा. ५ने सुरू होत असेल तर कायमचा नकार: ५५० बहुतेक वेळा 'असा पत्ताच नाही', ५५२ म्हणजे पेटी भरली किंवा मेल फार मोठा. ४ने सुरू होत असेल तर तात्पुरती अडचण, सर्व्हर स्वतःच पुन्हा प्रयत्न करतो. तुम्ही न पाठवलेल्या मेलचे बाउन्स यायला लागले तर मात्र पासवर्ड लगेच बदला आणि इथे येऊन सांगा.


अर्धवट | बुधवार, दुपारी २.०५

मावशी, मेल परत घेता येत नाही का? म्हणजे ते थकबाकीचं प्रकरण. 'रिकॉल' असतं ना?


सर्व्हररूम | बुधवार, दुपारी २.३१

आउटलुकमधला रिकॉल एकाच संस्थेच्या आतल्या आत चालतो. बाहेरच्या पत्त्यावर गेलेला मेल गेला. जीमेलचं 'अनडू' जास्तीत जास्त ३० सेकंद. तेही परत आणत नाही, मुळात तेवढा वेळ दाबून धरतं. २३ उत्तरं येऊन गेल्यावर माफीनामा हा एकच मार्ग.


फोर्टचा कारकून | बुधवार, संध्याकाळी ६.४०

टेंटेटिव्ह राहिलं. मेल आणि कॅलेंडर एकत्र असलेल्या व्यवस्थेला ग्रुपवेअर म्हणतात. आमच्या ऑफिसात लोटस नोट्स होतं. १९८९ सालचं ते सॉफ्टवेअर, पुढे आयबीएमकडे गेलं आणि २०१९ पासून आपल्या नोएडाच्या एचसीएलकडे आहे. आम्ही त्याला मनसोक्त नावं ठेवली, पण 'साहेब गुरुवारी ३ ते ४ मोकळे आहेत' हे पीएला न विचारता कळायला लागलं ते त्याच्यामुळे.

आमंत्रणाखाली तीन बटणं असतात. ॲक्सेप्ट म्हणजे येतो, डिक्लाइन म्हणजे नाही. टेंटेटिव्ह म्हणजे लग्नाच्या आमंत्रणाला आपण "बघू, जमवतो" म्हणतो ना, ते. त्या वेळी तुमच्या कॅलेंडरवर तुम्ही अर्धवट अडकलेल्या दिसता. सीएच्या ऑफिसने त्याचा अर्थ नकार घेतला ही त्यांची चूक, पण मुंबईत "बघू, जमवतो"चा अर्थ तोच होतो, त्यांना तरी काय बोलणार?


मुलुंडची मावशी | शुक्रवार, रात्री ८.१५

पासवर्ड बदलला काल रात्री. आज सकाळी १०.२०ला खजिनदारांचा फोन! "मॅडम, सोसायटीचा मेल हॅक झालाय बहुतेक, माझं आउटलुक सारखं पासवर्ड मागतंय." त्यांचं ऑफिस अंधेरीला. चार वर्षांपूर्वी तिथल्या एका मुलाने लावून दिलं होतं. त्यांना वाटायचं, मेल सगळ्यांनाच दिसतात. मी बघत असेन म्हणून त्यांनी एकालाही उत्तर दिलेलं नाही, आणि ते बघत असतील हे मला माहीतच नव्हतं.

जूनपासूनचे १४० मेल त्यांच्याकडे आहेत, त्याआधीचे वेगळे. ते म्हणाले, एकेक फॉरवर्ड करतो. त्यांच्याच्याने ते होणार नाही. काही सोपा मार्ग?


सर्व्हररूम | शुक्रवार, रात्री १०.५०

फॉरवर्ड नको. तारखा आजच्या लागतील आणि पाठवणारे सगळीकडे खजिनदारच दिसतील. एजीएमला कुणी "हे कधी आलं होतं?" विचारलं तर पंचाईत.

त्यांच्याच कॉम्प्युटरवर, सगळ्यात आधी पॉपच्या सेटिंगमध्ये 'सर्व्हरवर प्रत ठेवा' या चौकोनात खूण करा. नवा पासवर्ड तिथे घालूच नका, म्हणजे आणखी काही ओढलं जाणार नाही. जुन्या मेलच्या फाइलची (शेवटी पीएसटी असं नाव असेल) एक प्रत पेनड्राइव्हवर घ्या, ही पायरी गाळू नका. मग त्याच आउटलुकमध्ये सोसायटीचा मेल दुसऱ्यांदा जोडा, या वेळी आयमॅप निवडून. पोर्ट विचारलं तर आयमॅपला ९९३, पाठवण्यासाठी बहुतेक ४६५ किंवा ५८७. मेल देणाऱ्या कंपनीच्या मदत पानावर दिलेलं असतं, ताडून बघा. डावीकडे आता दोन इनबॉक्स दिसतील. जुन्यातले मेल निवडून नव्यात ओढून टाका. ते सर्व्हरवर परत चढतात, मूळ तारीख आणि मूळ पाठवणाऱ्याच्या नावासकट. एका वेळी ३०-४० घ्या. सगळं वर आल्याचं तुमच्या फोनवर दिसलं की मगच पॉपवालं खातं काढा.

पेटीत जागा किती आहे तेही बघून घ्या. चार वर्षांचे मेल एकदम चढवले तर तीच भरेल आणि येणारे मेल ५५२ घेऊन परत जातील.

आणि खजिनदारांना बजावून ठेवा: आता आयमॅप आहे, त्यांनी डिलीट केलं की तुमच्याकडूनही गेलं.


अर्धवट | शनिवार, सकाळी ९.१२

यात माझाही एक प्रश्न. आमच्या सोसायटीचा ताळेबंद स्कॅन करून २२ एमबीचा झाला. जीमेलची मर्यादा २५ आहे, तरी जात नाही. का?


सर्व्हररूम | शनिवार, सकाळी ९.४०

मेल मुळात साध्या अक्षरांसाठी बनलेला. फाइल पाठवताना तिचं अक्षरांत रूपांतर होतं, दर ३ बाइटचे ४ होतात. २२ची २९च्या वर गेली. रंगीत स्कॅन कशाला करता? ग्रे करा, २०० डीपीआय पुरे.


मुलुंडची मावशी | रविवार, रात्री ९.३०

खजिनदार लॅपटॉप घेऊन घरी आले. दोघांनी मिळून तासाभरात केलं, मधे एकदा चहा. १४०च्या १४० आले, वहीशी ताळा लागला. पेनड्राइव्ह कपाटात ठेवला आणि दाराच्या आतला कागद काढून टाकला.

११ जणांना वेगवेगळी पत्रं पाठवली, वर दोन ओळी माफीच्या. लीकेजवाल्या काकांनी अर्धे पैसे भरले.

पेस्ट कंट्रोलवाल्याचं कोटेशन सापडलं. मी त्याला झापलं त्याच्या चार दिवस आधीचं. उद्या फोन करते त्याला.