नुसते वाचणाऱ्यांविषयी

विद्यार्थ्यांच्या ऑनलाइन गटांत लिहिणारे मूठभर आणि बाकीचे नुसते वाचणारे असतात, म्हणून त्याला ‘सहभागाची संस्कृती’, म्हणजे लोक नुसते वाचक-प्रेक्षक न राहता स्वतःही भर घालतात अशी संस्कृती, म्हणणे अतिशयोक्ती ठरेल, असा एक आक्षेप घेतला जातो. निरीक्षण बरोबर आहे, पण निष्कर्ष मला पटत नाही. ही संकल्पना रूढ करणारे अमेरिकी माध्यम-अभ्यासक हेन्री जेन्किन्स आणि त्यांचे सहकारी यांनी २००६ च्या अहवालात प्रत्येकाने भर घालावी अशी अट घातलेलीच नाही. आपल्याला भर घालण्याची मोकळीक आहे आणि घातलेल्या भरीची योग्य कदर होईल, असा विश्वास प्रत्येकाला वाटला पाहिजे, एवढीच त्यांची अपेक्षा आहे.

हा विश्वास किती नाजूक असतो, हे मी पदव्युत्तर वर्गात असताना पाहिले. आम्ही टिपणांचा एक सामायिक दस्तऐवज चालवत होतो. पहिल्या सत्रात फक्त वाचत राहिलेल्या एका सहाध्यायिनीने दुसऱ्या सत्रात सांख्यिकीच्या टिपणांतील चूक दुरुस्त केली, आणि तिची दुरुस्ती सर्वांत उपयोगी ठरली. ते आधीचे मूक वाचन म्हणजे तिची तयारीच होती. पुढे एका नवख्याची भर मात्र कुणीतरी कारण न देता पुसून टाकली, आणि त्यानंतर कित्येक आठवडे कोणीही नवा माणूस लिहायला धजावला नाही. वाचणाऱ्यांची संख्या तेवढीच राहिली होती. त्यामुळे किती जण लिहितात यापेक्षा पहिल्यांदा लिहिणाऱ्याला काय उत्तर मिळते, हे मोजणे मला अधिक महत्त्वाचे वाटते.