लस, लसीका आणि ‘लसिके’

खानापूर : माझी मुलगी कन्नड माध्यमात शिकते. तिच्या पुस्तकात मानेतल्या-काखेतल्या गाठींना ‘दुग्धरस ग्रंथी’ म्हटलंय. आरोग्य केंद्राच्या पाटीवर मात्र ‘लसिके’. आपल्या मराठीतली लसीका ती हीच का?

टिळकवाडी : नाही ताई, इथेच आपली माणसं फसतात. कन्नडातली ‘लसिके’ म्हणजे आपली टोचायची लस. आपली लसीका (लिम्फ) म्हणजे पेशींभोवतालून गोळा होऊन वाहिन्यांतून वाहणारं पाणी, मुलीच्या पुस्तकातला दुग्धरस. तो शब्दही अगदी नेमका आहे. तुपातलं जेवण झालं की आतड्याकडून येणारी लसीका दुधासारखी पांढरी दिसते.

पण लस आणि लसीका मुळात एकच. खरचटल्यावर रक्त थांबतं आणि मागून चिकट पाणी झिरपतं, ती लस. 1796 साली जेन्नर या इंग्रज डॉक्टरने गाईच्या देवी रोगाच्या फोडातलं असलंच पाणी एका मुलाच्या हातावर टोचलं. पुढे वासराच्या कातडीवर फोड उठवून ती लस काढू लागले. बेळगावात टिळकवाडीच्या आपल्या व्हॅक्सिन डेपोत हेच काम चालायचं. आज तिथल्या झाडांखाली फिरणाऱ्या मुलांना हे जरूर सांगावं. फोडातल्या पाण्याचं नाव औषधाला चिकटलं ते कायमचं. आता लशीत कुठल्या फोडाचं पाणी नसतं, तरी लस ती लसच.

निपाणी : या चर्चेत ‘अवधाण’ हवंच. पायात काटा मोडून पिकला की जांघेत दुखरी गाठ येते, ते अवधाण. माझी आजी गाठ चाचपायची आणि म्हणायची, “अवधान आलंय, पायात काय मोडलंय बग आदी.” गाठ वर, पण शोध खाली! हे निदान बहुतेकदा बरोबर ठरायचं, कारण पायाची लसीका जांघेतल्या गाठींतूनच वर जाते.

रक्तवाहिन्यांतून झिरपून पेशींभोवती उरलेलं रोजचं दोन-तीन लिटर पाणी लसीकावाहिन्या गोळा करून पुन्हा रक्तात सोडतात. या लसीकेला ढकलायला हृदय नाही. वाहिन्यांचं स्वतःचं आकुंचन, स्नायूंची हालचाल आणि वाहिन्यांतल्या झडपा, त्यावर सगळं चालतं. वाटेत गाठींची चौकी लागते. जंतूचा तुकडा तिथे पोचला की तो ओळखणारी पांढरी पेशी भराभर वाढते, तिच्या वंशातल्या काही जंतूला अडवणारी प्रतिपिंडे बनवतात, काही ओळख लक्षात ठेवून वर्षानुवर्षं टिकतात. गाठ सुजते ती या गर्दीने. दंडात लस टोचल्यावर काखेत गाठ दुखते, तेही अवधाणच. म्हणजे तुमच्या मुलीचे दोन्ही शब्द काखेत येऊन भेटतात.

मात्र न दुखणारी, टणक, वाढत जाणारी किंवा महिनाभर न उतरणारी गाठ अवधाण समजून घरी ठेवू नका. मानेत अशा गाठींची माळ झाली तर ती गंडमाळ, बहुतेकदा क्षयाची.

खानापूर : सासूबाई काखेतल्या गाठीला काखमांजरी म्हणतात. तेच ना?

निपाणी : नाही. काखमांजरी हे काखेतलं गळू, कातडीतच पिकून फुटणारं. अवधाण आत असतं, बोटाखाली सरकतं आणि जखम भरली की बहुधा आपोआप बसतं.