मदत हवी आहे: संस्थेची वेबसाइट दृष्टिहीनांना वापरता येत नाही, सुरुवात कुठून करू?

उथळसरची

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा लांबलचक आहे, चहा घेऊन बसा.

मी ठाण्यातल्या एका सार्वजनिक संस्थेत लिपिक आहे. नाव सांगत नाही, अजून नोकरी करायची आहे. एमएससीआयटी झालेलं आणि मराठी टायपिंग बरं, एवढ्या भांडवलावर तीन वर्षांपूर्वी वेबसाइट माझ्या गळ्यात पडली. म्हणजे सूचना चढवायच्या, जुन्या उतरवायच्या, बिघडलं की व्हेंडरला फोन करायचा. आमची एक अभ्यासिका आहे, स्पर्धा परीक्षेची मुलं बसतात. तिथल्या जागेचा अर्ज गेल्या वर्षापासून फक्त ऑनलाइन. जो आधी भरेल त्याला जागा.

गेल्या महिन्यात कळव्याहून एक मुलगा ऑफिसात आला. हातात पांढरी काठी, पाठीला सॅक, बँकेच्या परीक्षेची तयारी करतोय. म्हणाला, "मॅडम, अर्ज तीनदा भरला, तिन्ही वेळा कॅप्चापाशी अडकलो. शेजारच्या दादाला बोलावून आणेपर्यंत जागा संपल्या." मी सवयीने म्हटलं, कागदी अर्ज देते, तू सांग, मी भरते. तो म्हणाला, "चालेल ना. पण तुमची साइट मला काय सांगते ते एकदा ऐकाल का?"

त्याने माझ्या टेबलावरच लॅपटॉप उघडला. एनव्हीडीए नावाचा स्क्रीन रीडर होता, म्हणजे पडद्यावरचं वाचून दाखवणारा प्रोग्राम. आवाज इतका भरधाव की मला एक अक्षर कळेना. त्याने हसून माझ्यासाठी वेग निम्म्यावर आणला. आणि तीन वर्षं जी साइट मी रोज बघतेय ती मी पहिल्यांदा ऐकली. "लिंक, येथे क्लिक करा. लिंक, येथे क्लिक करा. ग्राफिक, आयएमजी शून्य शून्य चार सात. लिंक, येथे क्लिक करा." अर्जावर गेला तर "एडिट, ब्लँक. एडिट, ब्लँक. एडिट, ब्लँक." नाव कुठल्या रकान्यात, मोबाइल कुठल्यात, पत्ता नाही. जन्मतारखेचं कॅलेंडर माउसशिवाय उघडतच नाही. कॅप्चा म्हणजे नुसतं "ग्राफिक".

मग त्याने अभ्यासिकेची नियमावली उघडली. ती माझ्या आधीच्या बाईंनी कृतिदेवमध्ये, म्हणजे आत इंग्रजी अक्षरं आणि वरून मराठी दिसणाऱ्या जुन्या फॉन्टमध्ये, टाइप करून पीडीएफ केलेली. यंत्र काहीतरी बरळायला लागलं. त्याने बाणाची कळ दाबत एकेक अक्षर वाचून घेतलं: बी, के, डॉट, के, एस. "हे काय लिहिलंय मॅडम?" मी पडद्यावर बघितलं. "ठाणे" लिहिलं होतं.

साहेबांना सगळं सांगितलं. साहेब माणूस म्हणून चांगले आहेत, त्यांनी लगेच व्हेंडरला फोन लावला. दुसऱ्या दिवशी दरपत्रक हजर: कोपऱ्यात निळ्या माणसाचं चिन्ह बसवतो, दाबलं की अक्षरं मोठी, रंग उलटे, साइट "१०० टक्के अ‍ॅक्सेसिबल", वर्षाला ३६,००० रुपये. साहेब म्हणाले, टाका नस्तीवर. सोमवारी सही होईल.

मला विचारायचंय ते असं: त्या चिन्हाने त्या मुलाचा अर्ज भरला जाणार आहे का? नसेल, तर हातात पैसे जवळजवळ नसताना आधी काय करू? चारशेच्या वर जुन्या पीडीएफ पडल्यात, त्यांचं काय? आणि साहेबांना दाखवता येईल असं काही लेखी मिळालं तर बरं.

घणसोली लोकल

ताई, सोमवारची सही थांबवा. बाकीचं नंतर वाचलंत तरी चालेल.

ते चिन्ह म्हणजे ओव्हरले. तुमच्या साइटवर वरून टाकलेली चादर. ज्याला अक्षर मोठं करून हवं तो ब्राउझरमध्येच मोठं करतो. ज्याला ऐकायचंय त्याच्याकडे स्वतःचा स्क्रीन रीडर आहे, तुम्ही पाहिलातच. "एडिट, ब्लँक" म्हणणाऱ्या रकान्याला नाव आत कोडमध्ये द्यायचं असतं, आणि तो "मोबाइल" आहे की "पिनकोड" हे चादरीने अंदाजाने सांगायचं म्हणजे जुगार. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०२५ मध्ये असंच विजेट विकणाऱ्या एका कंपनीला फसव्या दाव्यांबद्दल १० लाख डॉलर भरायला लावले. हे साहेबांना तोंडी सांगितलंत तरी पुरे.

आता कामाचं. अख्खी साइट धरू नका, फक्त अभ्यासिकेचा अर्ज धरा. प्रत्येक रकान्याला लेबल जोडणं हे व्हेंडरच्या पोरासाठी एका दुपारचं काम आहे. रकान्यात फिकट अक्षरात "नाव लिहा" दिसतं ते लेबल नव्हे, टाइप करायला लागलं की ते गायब होतं. जन्मतारीख साध्या रकान्यात टाइप करता येऊ दे, कॅलेंडर हवं तर बाजूला राहू दे. कॅप्चा काढून टाका. मोबाइल नंबर घेताच आहात, तर ओटीपी पाठवा. किंवा एक लपवलेला रकाना ठेवतात, बॉट (आपोआप अर्ज भरणारा प्रोग्राम) तो भरतो आणि सापडतो. मात्र तो रकाना स्क्रीन रीडरपासूनही लपवायला सांगा, नाहीतर बॉट सोडून तुमचा कळव्याचाच मुलगा पकडला जाईल. हे मी स्वतः एका साइटवर करून बसलोय.

तपासायला पैसे लागत नाहीत. माउस काढून ड्रॉवरमध्ये ठेवा आणि नुसत्या टॅबवर अर्ज भरून बघा. आपण आत्ता कुठे आहोत ती चौकट दिसत नसेल तर तिथेच पहिली चूक. हात थरथरणाऱ्या आजोबांनाही हाच मार्ग लागतो, फक्त न दिसणाऱ्यांचा प्रश्न नाहीये हा. कायद्यात २१ प्रकारचं दिव्यांगत्व आहे.

वाशीचा श्रोता

मी स्वतः एनव्हीडीएवर आहे, हा धागाही ऐकूनच वाचला. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी दृष्टी गेली, आता बँकेत आहे.

"येथे क्लिक करा"बद्दल सांगतो. आम्ही पान वरून खाली ऐकत बसत नाही. इन्सर्ट आणि एफ-सात दाबलं की पानावरच्या सगळ्या लिंकांची यादी येते, त्यातून उचलतो. तुमच्या पानाच्या यादीत एकोणीस वेळा "येथे क्लिक करा" येणार. एकोणीस दारं, एकावरही पाटी नाही. लिंकलाच "अभ्यासिका अर्ज" असं नाव द्या. मथळ्यांचंही तसंच. एच दाबून मी मथळ्यावरून मथळ्यावर उड्या मारतो. नुसतं अक्षर ठळक आणि मोठं केलंत तर ते तुम्हाला मथळा दिसतं, मला नाही.

आणखी एक गोष्ट कोणी सांगत नाही. पानाच्या कोडमध्ये भाषा कोणती ते लिहिलेलं असतं. मराठी साइटींवर बहुतेक वेळा ते इंग्रजीच राहून गेलेलं असतं, कारण टेम्प्लेट तसंच आलं. मग काही आवाज देवनागरी गिळून टाकतात, नुसते आकडे वाचतात. "मराठी" असं लिहिलं की एनव्हीडीएसोबत येणारा ईस्पीकचा मराठी आवाज आपोआप लागतो. गोड नाही तो, पण कळतो. बदलायची दोन अक्षरं.

वर ती पळणारी लाल पट्टी असेल ना, "नवीन" लुकलुकणारी? पाच सेकंदांच्या वर काही हलत असेल तर थांबवायचं बटण द्यावं असा नियम आहे. मला त्रास नाही तिचा, पण माझ्या बहिणीला अर्धशिशी आहे, ती शिव्या घालते.

आणि ताई, कागदी अर्ज भरून द्यायला निघालात ते चुकलं असं नाही. पण त्या मुलाने "चालेल ना, पण" म्हटलं, त्यातलं "पण" तुम्ही ऐकलंत. बहुतेक ऑफिसात ते ऐकू जात नाही.

निवृत्त हेडक्लार्क

साहेबांसाठी टिपणी लागते, ती मी सांगतो. छत्तीस वर्षं तेच केलं.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. कलम ४२ मध्ये माहिती आणि इलेक्ट्रॉनिक माध्यमं सुगम्य करण्याचं आहे, कलम ४६ सेवा देणाऱ्या सरकारी आणि खासगी दोघांनाही लागू आहे. कलम ८९ अधोरेखित करा: पहिल्या उल्लंघनाला १०,००० रुपयांपर्यंत दंड, पुढच्या प्रत्येकाला ५०,००० ते ५ लाख. ८ नोव्हेंबर २०२४ ला राजीव रतुरी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सुगम्यतेची मानकं नुसती मार्गदर्शक ठेवून चालणार नाही, बंधनकारक हवीत असं सांगितलं. ३० एप्रिल २०२५ च्या केवायसीवरच्या निकालात तर डिजिटल सेवांपर्यंत पोचणं हे अनुच्छेद २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग मानलंय. तक्रार गेली तर ती पुण्याला दिव्यांग आयुक्तांकडे जाते, हे वाक्य टिपणीत शेवटी घालावं. मी घालायचो. सही लवकर व्हायची.

व्हेंडरसाठी वेगळी पेन्सिल काढा. एएमसीचं, म्हणजे वार्षिक देखभाल कराराचं, नूतनीकरण कधी आहे? कार्यादेशात "साइट अ‍ॅक्सेसिबल असावी" असं मोघम लिहू नका, तो त्यावर चिन्ह लावून मोकळा होईल. "जीआयजीडब्ल्यू ३.० आणि डब्ल्यूसीएजी २.१ ची एए पातळी" असं लिहा (पहिली सरकारी वेबसाइटींसाठीची मार्गदर्शक तत्त्वं, दुसरी वेब सुगम्यतेची आंतरराष्ट्रीय मानकं), आयएस १७८०२ या भारतीय सुगम्यता मानकाचाही उल्लेख करा. आणि अट घाला की दृष्टिहीन वापरकर्त्याने मदतीशिवाय अर्ज भरून दाखवल्यावरच शेवटचं देयक अदा होईल. तपासणाऱ्याला मानधन द्या, फुकट राबवू नका. धोबीतलावला सेंट झेवियर्स महाविद्यालयात दृष्टिहीनांसाठीचं संसाधन केंद्र आहे, तिथे विचारा.

घणसोली लोकल

पीडीएफचं राहिलं. चारशेच्या मागे लागलात तर निवृत्त व्हाल. आज ज्यावर कोणाचं काम अडतं त्या काढा: नियमावली, शुल्क, अर्जाचे नमुने. पंधरा-वीस निघतील. त्या पीडीएफ ठेवूच नका, मजकूर सरळ वेबपानावर टाका. कृतिदेव आणि श्रीलिपीचं युनिकोड (यंत्राला खरं मराठी अक्षर म्हणून कळतं ते रूप) करणारे कन्व्हर्टर फुकट मिळतात, फक्त जोडाक्षरं आणि रफार डोळ्यांनी तपासा. सही-शिक्क्याचं स्कॅन हे नुसतं चित्र असतं, त्याच्यासोबत मूळ टाइप केलेली प्रतही चढवा. इथून पुढे वर्डमध्ये मथळ्याच्या स्टाइल वापरा आणि पीडीएफ "सेव्ह अ‍ॅज"ने करा. प्रिंटमधून केली की आतली सगळी रचना पुसली जाते.

उथळसरची

सगळ्यांचे आभार. उशिरा लिहितेय, मध्ये लेखापरीक्षण होतं.

चिन्हाचं दरपत्रक परत गेलं. हेडक्लार्क काकांची टिपणी जवळजवळ जशीच्या तशी टाकली, साहेबांनी कलम ८९ वर बोट ठेवून दोनदा वाचलं. व्हेंडर आधी "स्कोपमध्ये नाही" म्हणत होता. एएमसीचं नूतनीकरण दीड महिन्यावर आहे, हे मी सहज त्याच्या कानावर घातलं. चार दिवसांत लेबलं आली, कॅप्चा जाऊन ओटीपी आला, भाषा मराठी झाली. नियमावली मी दोन संध्याकाळी बसून पुन्हा टाइप केली, कन्व्हर्टरने "र्‍हस्व"चा पार चेंदा केला होता. आता "ठाणे" हे ठाणेच आहे.

काल तो मुलगा मानधनावर तपासायला आला. पुढच्या तिमाहीचे अर्ज सुरू झालेत, त्याने खराच भरला. मी खुर्ची मागे घेऊन नुसती ऐकत होते. सात मिनिटांत "अर्ज सादर करा"पर्यंत पोचला, बटण दाबलं. पडद्यावर हिरव्या पट्टीत "अर्ज यशस्वीरीत्या नोंदवला" असं आलं. आणि यंत्र गप्प. तो दहा सेकंद थांबला, मला वाटलं ऐकतोय. मग त्याने बटण पुन्हा दाबलं. दोन अर्ज नोंदवले गेले.

ती हिरवी पट्टी बोलायला कशी लावायची?

घणसोली लोकल

हाहा, हे सगळीकडे होतं. पान नव्याने न उघडता मजकूर नुसता उमटला, तर स्क्रीन रीडरला तो आला हे कळतच नाही. व्हेंडरला सांगा, ती पट्टी लाइव्ह रीजन, म्हणजे मजकूर बदलला की आपोआप वाचली जाणारी जागा, करायची, रोल "अलर्ट" द्यायचा, पट्टीची जागा पानावर आधीपासून रिकामी ठेवायची आणि मजकूर नंतर त्यात भरायचा. अर्ज क्रमांकही त्यातच वाचू दे. एकदा दाबल्यावर दुसरा अर्ज घ्यायचा नाही, हेही सर्व्हरवर बघायला लावा.

उथळसरची

पाठवलं व्हेंडरला. दुसरा अर्ज रद्द केला, पहिल्याचा क्रमांक त्याला फोनवर सांगितला. जागा मिळाली आहे, खिडकीजवळची. म्हणाला, खिडकी नको मॅडम, प्लगपॉइंटजवळची द्या.