आधी मागचं पोर्ट वापरून बघा

यूएसबीने लावायची एक्स्टर्नल हार्ड डिस्क लॅपटॉपवर व्यवस्थित उघडते आणि तीच डेस्कटॉपला लावली की टकटक करून गायब होते, म्हणजे डिस्क गेली असं लगेच धरू नका. संशय आधी विजेवर घ्या. अडीच इंची डिस्कला वेगळा अडॅप्टर नसतो, सगळं यूएसबीवरच भागवायचं. यूएसबी २.० पोर्ट ५०० मिलिअँपिअर देतं, ३.० असेल तर ९००. डिस्कच्या आतली चकती फिरायला लागताना सर्वात जास्त करंट लागतो, आणि कॅबिनेटच्या पुढच्या पोर्टांपर्यंत आतून बारीक वायर गेलेली असते, तिथे व्होल्टेज पडतं. म्हणून मागचं, थेट मदरबोर्डवरचं निळं (सहसा ३.०) पोर्ट वापरा. केबल आखूड घ्या, मध्ये हब नको.

टकटक थांबली, दिवा स्थिर झाला, तरी 'धिस पीसी'त दिसत नाही? मग विंडोजमधलं डिस्क मॅनेजमेंट (लावलेल्या सगळ्या डिस्क दाखवणारं टूल) उघडा. बऱ्याचदा ड्राइव्ह लेटरच (C:, D: सारखं अक्षर) मिळालेलं नसतं; डिस्कवर राइट क्लिक करून एखादं मोकळं अक्षर द्या, झालं.

विंडोजने मध्येच 'फॉरमॅट करू का' विचारलं तर कॅन्सल. लॅपटॉपवर उघडतेय तोवर डेटा आधी दुसरीकडे काढून घ्या, बाकीची खटपट नंतर. आणि लॅपटॉपवरही टकटक ऐकू आली तर दोष डिस्कमध्येच असू शकतो, मग मात्र प्रयोग बंद.