क्रोनॉस : पियानोचं शेपूट आणि दोन मिनिटं

प्रश्न असा : सेकंडहँड क्रोनॉस, म्हणजे कॉर्ग कंपनीचा कीबोर्ड, आता घ्यावा का? माझं मत : ऑर्केस्ट्रात वाजवत असाल तर जरूर घ्या.

२०११ साली आला, आत ९ वेगवेगळी साउंड इंजिनं, म्हणजे आवाज तयार करायच्या नऊ पद्धती. पण मी प्रेमात पडलो ते पियानोच्या. खालच्या सप्तकातली पट्टी दाबून धरा आणि ऐकत राहा. सॅम्पल (खऱ्या पियानोचं ध्वनिमुद्रण) लूप न करता, म्हणजे तोच तुकडा पुन्हा पुन्हा न फिरवता, एसएसडीवरून (आतल्या स्टोरेज ड्राइव्हवरून) वाजतं, त्यामुळे सूर शेपटापर्यंत खराखुरा विरत जातो. दुसरं म्हणजे सेट लिस्ट, कार्यक्रमात लागणारे आवाज ओळीने लावून ठेवायची सोय. एका स्क्रीनवर १६ आवाज, आणि स्ट्रिंग्ज धरून ठेवून बासरीवर गेलात तरी स्ट्रिंग्ज तुटत नाहीत. मुखड्यातून अंतऱ्यात जाताना याची किंमत कळते. आपल्यासाठी आणखी एक : प्रत्येक स्वर सेंटमध्ये (एक सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) खालीवर करता येतो, कोमल गंधार हवा तसा उतरवा.

आता उणिवा. आत चक्क कॉम्प्युटर आहे, चालू व्हायला दोन मिनिटांहून जास्त लागतात. कार्यक्रमात वीज गेली तर ती दोन मिनिटं फार लांब वाटतात, म्हणून यूपीएस हवाच. पंख्याचा आवाज शांत खोलीत जाणवतो. ८८ पट्ट्यांचा सुमारे २३ किलोंचा, जिने चढवायला दोघं लागतात. घेण्याआधी टचस्क्रीन कोपऱ्यांपर्यंत तपासा.